ताईंचा मतदारसंघ

गोव्यात आजवर एकच बाई मुख्यमंत्री झाली. शशिकला काकोडकर. १९७३ च्या ऑगस्टमध्ये शपथ घेतली तेव्हा त्या ३८ वर्षांच्या होत्या, आणि सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतर देशातल्या त्या तिसऱ्याच महिला मुख्यमंत्री. एवढी माहिती स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात मिळते. तिथे ती एका ओळीत संपतेसुद्धा.

मला त्या ओळीच्या पुढचं लिहायचंय. कारण ताईंबद्दल आपल्या मंडळात दोन मतं आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत. एका बाजूच्या मित्रमैत्रिणींना त्या मराठीसाठी शेवटपर्यंत लढलेली रणरागिणी वाटतात. दुसरी बाजू, म्हणजे माझ्या समाजातली बरीच मंडळी, त्यांना 'आमच्या शाळांवर उठलेली बाई' म्हणून ओळखते. दोघांनाही ताई आठवतात त्या फक्त भाषेमुळे. मी डिचोली तालुक्यातली. आमच्याकडच्या जुन्या माणसांना त्या आठवतात त्या जमिनीमुळे. आणि डिचोलीच्या लोकांनीच त्यांना मतं दिली होती, त्यामुळे त्यांचं म्हणणं आधी ऐकावं असं मला वाटतं.

त्यांचा जन्म पेडण्याचा, ७ जानेवारी १९३५ चा. वडील दयानंद बांदोडकर, म्हणजे भाऊसाहेब, खाणमालक आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला तो मुख्यतः नव्या काबिजादींच्या जोरावर. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे तालुके पोर्तुगीजांकडे आले अठराव्या शतकात, तिसवाडी-बार्देश-सासष्टीनंतर दोनशेहून जास्त वर्षांनी. त्यामुळे इकडे देवळं राहिली, मराठी पोथ्या राहिल्या, आणि ख्रिश्चन कमी. पुढे १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने ५४ टक्क्यांनी 'दोन पानां'ना मत देऊन विलीनीकरण नाकारलं, पण पेडणे-डिचोलीचा कल 'फुला'कडे होता. गंमत बघा, जानेवारीत हरलेला मगो पक्ष मार्चमध्ये विधानसभा जिंकला. म्हणजे लोकांनी महाराष्ट्र नको म्हटलं, पण भाऊसाहेब हवे म्हटलं. तेव्हापासूनच इथला मतदार नेत्याचं सगळंच गिळणारा नव्हता.

ताई १९७२ च्या मंत्रिमंडळात होत्या. १२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब अचानक गेले आणि पक्षाने लेकीला पुढे केलं. घराणेशाहीच ती, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण घराणेशाहीतसुद्धा फरक असतो. २०२२ च्या विधानसभेत ४० पैकी तीन महिला निवडून आल्या आणि तिघींचेही नवरे त्याच सभागृहात आमदार आहेत. पन्नास वर्षांत बाईचा रस्ता रुंद झाला की अरुंद, हे तुम्हीच ठरवा. ताईंना वडिलांच्या नावाने खुर्ची मिळाली हे खरं. ती राखायला मात्र १९७७ मध्ये स्वतःच्या नावाने लोकांसमोर जावं लागलं.

त्या निवडणुकीबद्दल नंतर. आधी जमीन.

आमचे आजोबा कूळ होते. म्हणजे शेत भाटकाराचं, घाम आमचा, आणि भाताचा ठरलेला वाटा त्याच्या कोठारात. घरसुद्धा भाटकाराच्याच जमिनीवर, म्हणजे मुंडकार. भाटकाराचा धर्म कुठलाही असो, त्याच्या दारात उभं राहायची रीत एकच होती. फेस्ताला कोंबडा पोचवायचा, चवथीला भोपळा. आजी (आम्ही तिला माय म्हणतो) सांगते की निवडणुकीच्या आधी मुकादम यायचा आणि कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा ते सांगून जायचा. उलट बोलायची सोय नव्हती, कारण डोक्यावरचं छप्पर त्याचं.

१९७५ मध्ये ताईंच्या सरकारने मुंडकारांना घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा केला. १९७६ मध्ये कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती. गोव्यात तिला 'कसेल त्याची जमीन' म्हणूनच ओळखतात. २० एप्रिल १९७६ हा दिवस त्यात ठरला: त्या दिवसापासून कूळ हाच कसत असलेल्या जमिनीचा मालक मानायचा, आणि किंमत भाटकाराला हप्त्याने द्यायची. एका खाणमालकाची मुलगी हे करत होती. तिच्या पक्षाला ज्यांचे पैसे मिळत त्यातले काही याच कायद्याने दुखावले जाणार होते. भाटकार कोर्टात गेले, वर्षानुवर्षं खटले चालले, आणि मामलेदार कचेरीतल्या तारखा तर अजून संपलेल्या नाहीत. आमच्या शेताच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव कूळ म्हणून लागलं, पण खरेदीचं प्रमाणपत्र हातात यायला पप्पांचं लग्न उजाडलं. तरीसुद्धा फरक पडला. मुकादम यायचा बंद झाला.

आता इथे एक गोष्ट आमच्या लोकांना अवघड जाते. कॅथलिक म्हणजे युनायटेड गोवन्स, कॅथलिक म्हणजे जॅक द सिक्वेरा, कॅथलिक म्हणजे 'हात', असं समीकरण आपण सगळे शिकतो. सासष्टीत ते खरं असेल. पण डिचोली तालुक्यातल्या मोजक्या ख्रिश्चन कुळांपैकी कोणी सिंहावर शिक्का मारलाच नसेल, असं मी तरी मानणार नाही. माय याबद्दल सरळ उत्तर देत नाही. ती फक्त एवढं म्हणते, 'शेत कोणी दिलं ते शेताला ठावं.'

हे सगळं गुळगुळीत नव्हतं. आमच्या शेजारचं मये घ्या. तिथली बरीचशी जमीन मयेच्या पोर्तुगीज कोंदची, म्हणजे काउंटची. तो मुक्तीनंतर निघून गेला आणि जमीन 'स्थलांतरितांची मालमत्ता' म्हणून सरकारच्या ताब्यात गेली. परिणाम असा की भाटकार पळाला तरी भाटकारशाही राहिली, फक्त भाटकाराच्या जागी सरकारचा कस्टोडियन आला. कूळ-मुंडकार कायद्यांचा जो फायदा आजूबाजूच्या गावांना झाला तो मयेवाल्यांपर्यंत पोचला नाही. त्यांच्यासाठी वेगळा कायदा व्हायला २०१४ साल यावं लागलं. डिचोलीच्या आमदार मुख्यमंत्री असताना डिचोलीतलंच गाव राहून गेलं, हा ठपका ताईंवर ठेवायलाच हवा, आणि त्यांच्या गौरवाच्या भाषणांत तो मी एकदाही ऐकलेला नाही.

आणि १९७७. आणीबाणी उठली होती, देशभर जनता लाट होती. गोव्यात मगो पक्षाने ३० पैकी १५ जागा जिंकल्या, काँग्रेसला १०, जनता पक्षाला तीन. ताई डिचोलीतून निवडून आल्या आणि पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. ३० मध्ये १५ म्हणजे बरोबर अर्धं. एक माणूस रुसला तरी डळमळणारं सरकार.

त्याच कारकिर्दीत आपल्यासारखे विद्यार्थी रस्त्यावर आले. १९७८-७९ ची अर्ध्या तिकिटाची चळवळ आपल्या अंकात कधी आलेली नाही, म्हणून दोन ओळी जास्त लिहिते. तेव्हा कदंब नव्हती (ती १९८० ची), बसगाड्या खाजगी होत्या, आणि कॉलेजं बहुतेक पणजी, म्हापसा, मडगावला. पेडण्या-डिचोलीच्या पोराला रोजचं तिकीट परवडत नसे. विद्यार्थ्यांनी पन्नास टक्के सवलत मागितली, सरकारने लवकर ऐकलं नाही, पोलीस आले, लाठ्या झाल्या. कष्टकऱ्यांची म्हणून निवडून आलेली मुख्यमंत्री कष्टकऱ्यांच्याच मुलांना लाठ्या खायला लावते, हे मला अजून नीट समजलेलं नाही. त्याच काळात माताणी साल्ढाणांच्या मागे रापणकार ट्रॉलरविरुद्ध उभे होते, तिथेही हीच गत. असं दिसतं की ताईंना भाटकाराविरुद्ध लढता येत होतं, पण आपल्याच माणसाने 'आणखी हवं' म्हटलं की त्यांना ते बंड वाटायचं. आजच्या कितीतरी नेत्यांचं असंच आहे. मात्र ताईंच्या बाबतीत ते जास्त खुपतं, कारण त्या माणसाला मान वर करायला त्यांनीच शिकवलं होतं. ज्याला मुकादमाची भीती उरली नाही, तो मुख्यमंत्र्यांना का भिईल?

एप्रिल १९७९ मध्ये मगोचेच तीन आमदार फुटले आणि सरकार पडलं. २७ एप्रिलला राष्ट्रपती राजवट. पुढच्या जानेवारीतल्या निवडणुकीत पक्ष सातावर आला. मग जे झालं ते मला सगळ्यात कमी आवडतं: ज्या काँग्रेसविरुद्ध पक्ष काढला त्याच काँग्रेसमध्ये ताई बहुतेक पक्ष घेऊन गेल्या. मांद्र्याचे रमाकांत खलप आणि बाबुसो गावकर, हे दोनच आमदार मगोत राहिले. ताई नंतर काँग्रेसमधून बाहेर आल्या, भाऊसाहेबांच्या नावाने वेगळा पक्ष काढला, तो चालला नाही, शेवटी परत मगोत. काळाचा विनोद असा की २०२४ ला मी आयुष्यातलं पहिलं मत दिलं तेव्हा उत्तर गोव्यात काँग्रेसच्या चिन्हावर उभे होते तेच खलप.

पक्षांतराबद्दल आपल्या पिढीला काही सांगायला नको. २०१९ च्या मार्चमध्ये मगोच्या तीन आमदारांपैकी दोन एका रात्रीत भाजपात गेले, त्यातले एक पेडण्याचे. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसचे दहा, २०२२ ला आणखी आठ. १९७९ मध्ये फुटणाऱ्यांनी निदान सरकार पाडलं होतं. आता फुटणारे सरकारात जाऊन बसतात आणि त्याला 'विलीनीकरण' म्हणतात. १९६७ मध्ये ज्या शब्दासाठी पेडण्यातली माणसं फुलावर शिक्का मारायला रांगेत उभी राहिली, त्या शब्दाची ही दशा.

आता भाषा. इथे मी ताईंच्या बाजूने नाही, तरी त्यांची ऋणी आहे, आणि हे दोन्ही एकदम कसं खरं असू शकतं ते सांगायला हवं.

१९९० च्या आघाडी सरकारात ताई शिक्षणमंत्री होत्या. त्यांनी ठरवलं की सरकारी अनुदान मिळेल ते कोकणी किंवा मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच. इंग्रजी माध्यमाला नाही. चर्चच्या डायोसिझन शाळा तेव्हा बहुतेक इंग्रजी होत्या. अनुदान गेलं तर शिक्षकांचा पगार कुठून द्यायचा? शेवटी डायोसिझन शाळांनी माध्यम बदललं, पण मराठी नाही घेतलं, कोकणी घेतलं. म्हणजे बघा, राजभाषा मराठीच व्हावी म्हणून जी बाई झटली आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीपुढे हरली, तिच्याच एका सहीने हजारो ख्रिश्चन मुलं देवनागरीत कोकणी लिहू लागली. हे तिला अपेक्षित नसावं, आणि चर्चलाही नसावं. माझ्या मायची प्रार्थनेची पुस्तकं सगळी रोमीत. तिला देवनागरीतला बसचा बोर्ड वाचता येत नाही. पप्पा गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकले, कारण चार-पाच मैलांत दुसरी शाळाच नव्हती. मी चर्चच्या शाळेत पहिलीला कोकणीत बसले. एका घरात तीन पिढ्यांच्या तीन शाळा, आणि कुठली ते दर वेळी विधानसभेत ठरलं.

२०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं. मी दुसरीत गेले आणि आमच्या शाळेचं माध्यम बदललं. जूनमध्ये बाई आल्या त्या इंग्रजीत बोलत. पण तोवर अक्षरं बसली होती. हायस्कूलात मराठी विषय घेताना ती कामाला आली, बारावीत आली, आणि आज हा लेख मी देवनागरीत टाईप करतेय तो त्याच पहिलीच्या पाटीमुळे. या मंडळात आम्ही जे काही डिसोझा-फर्नांडिस आहोत, त्यांतल्या बऱ्याच जणांची गोष्ट अशीच आहे. १९९० चा निर्णय नसता तर आमच्यातले किती मराठी वाचत असते? मला वाटतं बोटावर मोजण्याइतके.

मग निर्णय बरोबर होता का? नाही. लहान मुलाने आपल्या भाषेत शिकावं हे मला मान्य आहे, कुठलाही शिक्षणाचा विद्यार्थी हेच सांगेल. पण अनुदानाची काठी फक्त गरिबाच्या पाठीत बसते. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी मुलांना फी भरून विनाअनुदानित इंग्रजी शाळांत घातलं. त्यांत मराठीच्या सभांना पहिल्या रांगेत बसणारेही होते आणि कोकणीच्या सभांना बसणारेही. भाषा टिकवायची जबाबदारी उरली ती रिक्षावाल्याच्या, पदेराच्या, कुळाच्या मुलावर. जमिनीच्या कायद्यात ताईंनी ओझं भाटकाराच्या खांद्यावर ठेवलं होतं. भाषेच्या निर्णयात ते कुळाच्या मुलाच्या खांद्यावर आलं. मला त्यांच्याशी भांडायचं असेल तर ते इथे. मराठी आवडत होती म्हणून नव्हे, मराठी कोणाच्या खर्चाने वाचवायची हे चुकलं म्हणून.

पण भांडता येतं, हेच महत्त्वाचं वाटतं मला. वयाच्या पंचाहत्तरीनंतरसुद्धा त्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या निमंत्रक म्हणून उन्हात मोर्चात बसत होत्या. २८ ऑक्टोबर २०१६ ला गेल्या तेव्हा त्यांचं म्हणणं तेच होतं जे १९९० ला होतं. पक्ष बदलले, हे नाही बदललं. आजच्या आमच्या भागातल्या कुठल्याही आमदाराशी मी असं भांडू शकत नाही. त्यांचा वाढदिवस मला पाठ आहे, कारण पेट्रोल पंपापासून बाजारापर्यंत बॅनर असतात. चवथीला कोणी माटोळीचं सामान वाटलं, कोणी वारीला बस काढली, कोणी आमच्या फेस्ताला बँड दिला, तेही माहीत आहे. शाळेबद्दल त्यांचं मत काय? जमिनीबद्दल? एकदाही ऐकलेलं नाही.

आणि जमिनीचा प्रश्न तर पुन्हा दारात आलाय. २०२२ च्या लिलावात डिचोलीचा खाण ब्लॉक वेदांतकडे गेला, आणि त्या हद्दीत लोकांची घरं, देवळं, शेतं आहेत म्हणून मुळगाववाले अजून उठतायत-बसतायत. पेडण्यात मोपा विमानतळ झाला आणि जमिनीचे भाव असे चढले की २०२३ च्या झोनिंग आराखड्यात हिरवं कुठे आणि बांधकाम कुठे यावरून अख्खा तालुका पेटला. सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. ज्या माळावर आणि मळ्यावर १९७६ नंतर कुळाचं नाव लागलं, त्याच जमिनीवर आता दिल्लीच्या बिल्डरचं कुंपण येऊ शकतं. या वेळी कूळ स्वतःच विकणारा असेल, हा मोठा फरक. मालकी दिली की विकायचा हक्कही येतो. १९७६ मध्ये याचा विचार कोणी केला नसेल. तेव्हा शेत कोणी विकेल असंच वाटत नव्हतं.

२०२७ ला मी विधानसभेला पहिल्यांदा मत देणार. उमेदवार घरी येतीलच, नमस्कार करतील, मायच्या पाया पडतील. मी त्यांना दोनच गोष्टी विचारणार आहे: तुमची मुलं कुठल्या माध्यमात शिकली, आणि आमच्या बांधाला लागून असलेली शेती कन्व्हर्ट करायचा अर्ज आला तर तुम्ही कोणाच्या बाजूने?

पप्पांना हा लेख वाचून दाखवला. ते म्हणाले, ताईंना तू जास्त मार्क दिलेस. बसच्या वेळचा त्यांचा राग अजून गेलेला नाही, कारण मोठा काका तेव्हा म्हापशाला कॉलेजात होता. सासष्टीतल्या मित्रमैत्रिणींचं म्हणणं याहूनही वेगळं असणार. त्यांनी पुढच्या अंकासाठी लिहावं. रोमीत लिहिलंत तरी चालेल, देवनागरीत मी करून देईन.